आधी आवाज

“पडदा आला, आई.”

“पडद्याचं काय लोणचं घालू? आवाज कुठंय?”

काचबिंदूने शशिकलाबाईंची नजर पार गेली होती. संगणक वाचून दाखवायचा, त्या टाइप करायच्या. आज अकराला त्यांची ऑनलाइन चाचणी होती. जमली तर पनवेलच्या याच खोलीत बसून करायची, आयुष्यातली पहिली नोकरी. आणि अनुयाने, त्यांच्या सुनेने, कालच संगणकातल्या लिनक्स प्रणालीची सुरू व्हायची पद्धत बदलली होती.

जुनी पद्धत सासऱ्यांनी, कमलाकररावांनी, लावलेली. एकामागून एक: आधी साउंड कार्ड, मग आवाज, मग बाकीचं. सावकाश, पण ओळीत. ते गेल्यावर एकदा आवाजाचा प्रोग्रॅम मध्येच पडला. जुन्या पद्धतीत एकदा सुरू करून दिलं की संपलं, मागे कोणी बघत नाही. अनुया ऑफिसातून येईपर्यंत आई मुक्या यंत्रासमोर बसून होत्या. म्हणून तिने सिस्टिमडी नावाचं नवं साधन घातलं. ते सगळ्यांना एकदम उठवतं, आणि सांगितलं तर पडलेल्याला उचलतंही.

“तुझ्यात सगळे एकदम पंगतीला बसले. वाढणारा कुठंय?”

“आवाजाचा प्रोग्रॅम साउंड कार्डाच्या आधीच उठला आणि पडला. थांब म्हणून सांगायचं राहिलं माझ्याकडून.”

“वयनी, कोलबी हाय!” खालून कोळीण गंगाबाई ओरडली.

“हिला बघ. हिला चालू करावं लागत नाही.” आई हसल्या, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळतच होत्या. “अनुया, जुनंच बसव गं. वेळ नाही.”

“दोन ओळी, आई. नाही जमलं तर जुनं.”

मांडीवरची तान्ही लेक भाविका कीबोर्डवर झेपावत होती. तिला डाव्या हाताने आवळून अनुयाने लिहिलं: साउंड कार्डानंतर ऊठ. पडलास तर परत ऊठ. मग यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं.

आई अजून खुर्ची चाचपत होत्या, तोच यंत्र बोललं. “तयार.”

“पाडून बघ.”

“आत्ता?”

“आत्ताच.”

अनुयाने आवाजाचा प्रोग्रॅम मुद्दाम बंद पाडला. खोली गप्प झाली. भाविकासुद्धा.

“तयार.”

आई बसल्या, हेडफोन चढवला. पूर्वी यंत्र जागं होईपर्यंत कमलाकरराव चहा करून आणून त्यांच्या डावीकडे ठेवायचे. आईंचा डावा हात टेबलाच्या कोपऱ्याकडे गेला, रिकाम्या जागी जरासा थांबला, आणि कीबोर्डवर आला.