भिडेचा घास

चिनामीने साकेची सुरई सासूच्या पेल्यावर कलती केली. चिमुकला पेला काठोकाठ भरला, तरी तिचा हात थांबला नाही. साके लाकडी फळीवर सांडली आणि ओघळत सोया सॉसच्या वाटीपर्यंत गेली.

“अगं, पुरे! फळीला कशाला पाजतेस?” फुकिएने हात पुसायला मिळालेल्या गरम रुमालाने फळी टिपून घेतली.

“चुकलं, आई.”

“चुकायचं काय त्यात? फळीसुद्धा रोज राबते. घेऊ दे घोटभर.”

फळीच्या पलीकडे कानेमारू सुरी पुसत होता. तो हसला. त्याचा इझाकाया, म्हणजे खाण्यापिण्याचा छोटा गुत्ता, आत्ताच उघडला होता. दारावरच्या निळ्या पडद्याखालून उन्हाची तिरीप आत आली होती. आकाशी बंदराच्या मासळीबाजारामागच्या या गल्लीत संध्याकाळच्या पहिल्या तासाला म्हातारी माणसंच येत. आज तर त्या दोघीच होत्या. फळीपुढच्या नेहमीच्या दोन स्टुलांवर त्या बसल्या होत्या आणि भिंतीकडचं तिसरं स्टूल रिकामं होतं. तिथे फुकिएने आपली पिशवी ठेवली होती.

ते स्टूल शुन्जीचं. फुकिएचा तो मुलगा, चिनामीचा नवरा. त्याला जाऊन चार वर्षं झाली होती. तरी चिनामी सासूच्याच घरी राहत होती, सकाळी त्याच्या फोटोपुढे भाताची वाटी ठेवत होती आणि मग नोरीच्या, म्हणजे वाळवलेल्या समुद्रशेवाळाच्या, कारखान्यात कामाला जात होती. माहेरच्यांनी पहिल्या वर्षी विचारलं, दुसऱ्या वर्षी विचारलं, मग विचारणं सोडून दिलं.

कानेमारूने एकामागून एक ताटल्या मांडल्या. मऊ तोफू, रस्स्यात शिजवलेल्या मुळ्याच्या जाड चकत्या, आणि उकडून कापलेल्या ऑक्टोपसचे पाच तुकडे. दोघी आलेल्या दिसल्या की हे तिन्ही न सांगताच यायचं. तोफू आणि मुळा फुकिएच्या कवळीसाठी. ऑक्टोपस शुन्जीच्या आवडीचा. तो गेल्यावर कोणी ‘नको’ म्हणालं नाही, म्हणून तो येतच राहिला. फुकिए त्याला हात लावत नसे. चिनामी चार तुकडे खाई आणि पाचवा ठेवी.

कानेमारू ताटलीत कधी सम तुकडे ठेवायचा नाही. ते शोभत नाहीत, असं त्याच्या बापानं त्याला शिकवलं होतं. त्यामुळे दोघं बसोत की चौघं, शेवटी एखादा तुकडा उरायचाच. चार माणसांत तो कोणी उचलत नाही. ‘तुम्ही घ्या’, ‘नको, तुम्ही’ असं होता होता तो वाळून जातो. त्या भागात त्याला भिडेचा घास म्हणत. शुन्जी होता तेव्हा हा प्रश्नच नव्हता. “वारस कोण? मीच!” असं म्हणून तो शेवटचा तुकडा तोंडात टाकायचा. फुकिए त्याच्या हातावर चापट मारायची, आणि जेवण झालं असं सगळ्यांना वाटायचं.

चिनामीने चौथा तुकडा खाल्ला आणि जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या. आज तिला सांगायचं होतं. घरी तिने तीनदा तोंड उघडलं होतं, पण फोटोतला शुन्जी समोरच बसलेला असायचा. म्हणून तिने आज सासूला इथे आणलं होतं. इथे तरी जीभ सैल होईल असं तिला वाटलं होतं.

“मिनेचा फोन आला होता दुपारी,” फुकिए म्हणाली. मिने तिची धाकटी बहीण. समुद्राच्या चिंचोळ्या पट्टीपलीकडे, आवाजी बेटावर तिचे कांद्याचे मळे होते. “कांदे पाठवतेय म्हणे. अजून मागचे संपले नाहीत. मी म्हटलं, बाई, आम्ही दोघी आहोत, बैल नाही.”

“मग?”

“मग काय! रागावली. फोन ठेवला. परत लावला आणि विचारलं, नेमके किती पाठवू?”

चिनामी हसली. मावशीच्या घरी दोन रात्रींच्या वर राहिलं की भांड्याला भांडं लागतं, असं फुकिए नेहमी म्हणायची. बोटीने जेमतेम पाव तासाची वाट. पण गेल्या नववर्षाला गेली होती तीही तिसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या बोटीने परत आली होती.

“आई, मला जरा…”

“हा मुळा खा. मुरलाय बघ कसा.”

चिनामीने मुळा खाल्ला. सांगायचं होतं ते मुळ्याबरोबर खाली गेलं.

कानेमारू ऑक्टोपसच्या ताटलीकडे बघत होता. “घ्या की कुणीतरी तो,” तो म्हणाला. “भीड भिकेची बहीण.”

“आई, तुम्ही घ्या.”

“माझे दात आहेत का तसले? तू घे.”

“माझं पोट भरलं.”

“दोघी मिळून माझं मांजर पोसताय तुम्ही,” कानेमारू म्हणाला. “दर वेळी पाचवा तुकडा त्याला. इतकं माजलंय ते, की साधा बांगडा दिला तर वास घेऊन निघून जातं. फुकिएताई, तुम्ही येणार असलात की दुपारपासून मागच्या दाराशी बसतं.”

“मग त्याच्याकडूनच पैसे घे,” फुकिए म्हणाली. तिने सुरई उचलून सुनेचा पेला भरला. ती खाली ठेवताना तिने सुरईचं तोंड उगाचच भिंतीकडे वळवलं, मग परत सरळ केलं.

“तो सफरचंदवाला कसा आहे?” तिने विचारलं.

चिनामीचा हात पेल्यावरच राहिला. “कोण सफरचंदवाला?”

“घरी पेटी आली ती. तू म्हणालीस, कंपनीने वाटली. तुझी कंपनी नोरी वाटते, पोरी. चार वर्षं आपण नोरीच खातोय.”

कानेमारूला अचानक आतल्या चुलीकडे काम निघालं.

“होरिउची नाव आहे त्यांचं,” चिनामी हळू आवाजात म्हणाली. “आमच्या गोदामात असतात. वडील थकले म्हणून हिवाळ्याआधी गावी परत जाणार आहेत. हिरोसाकीला, पार उत्तरेत. सफरचंदांची बाग आहे.”

“लांब आहे.”

“फार लांब.”

“बोलतो कसा?”

“कमी बोलतात.”

“पितो?”

“सर्दी झाली की.”

“म्हणजे वर्षभर. थंड गाव आहे ते.” फुकिएने तोफूचा एक कोपरा काड्यांनी तोडला. “तुला चल म्हणाला?”

चिनामीने होकाराची मान हलवली. “पण मी नाही म्हणणार आहे.”

“का?”

चिनामी उरलेल्या तुकड्याकडे बघत राहिली. तिच्या मनात सगळी वाक्यं तयार होती आणि त्यातलं एकही सासूपुढे बोलण्यासारखं नव्हतं.

“माझ्यासाठी?”

“तुम्ही एकट्या कशा…”

“एकटी कोण? मी मिनेकडे जाणार आहे.”

चिनामीने मान वर केली.

“तिने खोली केव्हाच रिकामी करून ठेवलीय. येतेस कधी, येतेस कधी, म्हणून डोकं खाते. मीच अडकलेय इथे. म्हटलं, ही पोर एवढ्या घरात एकटी कशी राहील? आता मला ह्या वयात बेटावरचं मोकळं वारं हवं, आणि तू हलायचं नाव घेत नाहीस!”

“पण तुमचं आणि मावशीचं तर पटत नाही.”

“मग? भांडायला माणूस नको का? तुझ्याशी भांडताच येत नाही. मी तोंड उघडलं की तुझं ‘चुकलं, आई’ तयार. चार वर्षं मी न भांडता काढलीत. माणूस गंजतो अशाने.”

“आणि ह्यांचा फोटो?”

“तो माझ्याबरोबर येईल. त्याला बोटीत बसायला आवडायचं.” फुकिएचा आवाज इथे जरा खाली गेला. मग तिने काड्या उचलल्या, ऑक्टोपसचा शेवटचा तुकडा पकडला आणि तोंडात टाकला.

चुलीपाशी कानेमारूने वळून बघितलं. इतक्या वर्षांत फुकिएताईला त्या ताटलीतून शेवटचा घास घेताना त्याने पाहिलं नव्हतं.

फुकिए चावू लागली. तिने तुकडा डावीकडे फिरवला, मग उजवीकडे. तिच्या कानशिलावरची शीर वर-खाली होत होती. तिने मान डोलावली, जणू चव उत्तम होती. चिनामीला कितीतरी विचारायचं होतं. मावशीने खोली कधी रिकामी केली? इतके दिवस कधी बोलला का नाहीत? पण तोंडात घास असलेल्या माणसाला काय विचारणार? आणि तो घास संपतच नव्हता.

मग फुकिएला खोकला आला. तिने रुमाल तोंडाशी धरला, खोकली, रुमालाची चौकोनी घडी केली आणि ताटलीशेजारी ठेवली. साकेचा एक मोठा घोट घेतला.

“कसा होता?” कानेमारूने तिकडूनच विचारलं.

“शुन्जी उगाच हट्ट करायचा का? आजवर नुसतीच भीड धरली मी.” तिने रिकामी ताटली पुढे सरकवली. “घे. झालं जेवण.”

चिनामीचं लक्ष रुमालाकडे गेलं. घडी मधोमध फुगली होती. फार नाही, करंगळीच्या पेराएवढी.

ती उठली. “हा साकेने भिजलाय, आई. दुसरा आणते.” तिने तो रुमाल उचलला आणि चुलीला वळसा घालून मागच्या दाराकडे गेली. कानेमारूने बाजूला होऊन वाट दिली.

दाराबाहेर मांजर बसलं होतं. चिनामीने घडी उलगडली. तुकडा जवळजवळ तसाच होता, कडेला नुसत्या दातांच्या खुणा. तिने तो जमिनीवर ठेवला. मांजराने आपला नेहमीचा वाटा घेतला आणि मागे न बघता निघून गेलं. गल्लीच्या टोकाला छपरांच्या फटीतून समुद्र दिसत होता आणि त्यामागे आवाजी. बेट इतकं जवळ होतं की डोंगरावरची घरंही एकेक वेगळी दिसत होती. चिनामी ती घरं बघत उभी राहिली. मग तिने डोळे पुसले, तेही त्याच रुमालाच्या कोरड्या कोपऱ्याने, आणि आत आली.

नवा गरम रुमाल तिने सासूपुढे ठेवला.

“रविवारी आपण बोटीने जाऊ,” ती म्हणाली. “मला ती खोली बघायचीय.”

फुकिएचा पेला ओठांपाशी थांबला. “खोलीत काय बघायचंय? चार भिंती असतात.”

“खिडकी कुठल्या बाजूला आहे ते बघायचंय. मावशीला मी उद्याच फोन करते.”

“काही नको! मी करते. तुझं काय काम मध्ये?”

“बरोबर येणार मी. खोली बघितल्याशिवाय कुठे जात नाही.”

“भलतीच हट्टी आहेस की गं!”

“आहे.”

फुकिए तिच्याकडे बघत राहिली. नेहमीचे दोन शब्द आता येतील म्हणून ती थांबली होती. चिनामीही तिच्याकडे बघत होती, आणि तिचे ओठ मिटलेले होते. चुलीवर कशाला तरी उकळी फुटली. कानेमारूने ती रिकामी ताटली धुवायला घेतली.

मग फुकिएने आपला पेला पुढे केला. चिनामीने सुरई उचलली आणि तो बेताने भरला.