चार यंत्रांची एक बेल

बेल वाजली आणि ऑपरेशनच्या टेबलावर निजलेल्या हौसानं घाबरून विचारलं, "इंदुबाय, काय झालं गो?"

"काय नाय गो. तू डोळे मिट बघू," इंदुबाई म्हणाल्या खऱ्या, पण बेल कशाची, ते त्यांनाही कळत नव्हतं.

हौसा धरमतरकडच्या मिठागरातली. पहिलटकरीण, त्यात मूल आडवं, म्हणून सीझर. कमरेखाली भूल देऊन तिला उताणी निजवली, बोटातून उजेड सोडून रक्तातला ऑक्सिजन मोजणारा मॉनिटरचा चिमटा लावला आणि हा ठणाणा सुरू! पेणच्या त्या लहानशा हॉस्पिटलात इंदुबाई एकवीस वर्षं आया होत्या. पूर्वी नुसत्या आवाजावरून त्यांना कळायचं, कुठलं यंत्र कुरकुरतंय ते. पण गेल्याच आठवड्यात रोह्याच्या कंपनीतल्या निलेशनं चार दिवस खपून ऑक्सिजन, रक्त ओढून घेणारं सक्शन, रक्त थांबवणारी कॉटरी, मॉनिटर, सगळं एका बोर्डावर आणलं होतं. ते नीट चालतंय का बघायला तो आजही थिएटरात थांबला होता. आता कुणाचंही पोट दुखलं तरी ओरडणार ती एकच बेल.

"रक्तात ऑक्सिजन एकाहत्तर दाखवतंय, पंच्याण्णवच्या वर हवा," भूल देणारे डॉक्टर म्हणाले. "पूर्ण बेशुद्ध करून घशात नळी घालावी लागेल."

"निलेश, सिलिंडर बघ!" सीझर करणाऱ्या रोहिणीबाई डॉक्टर ओरडल्या.

"भरलेला हाय, मॅडम. वायरी पण ठीक हायेत. बोर्डात काय दोष नाय."

"मग दोष हिच्यात आहे का?" रोहिणीबाईंनी हौसाकडे बोट केलं.

इंदुबाईंची नजर चिमट्याकडे गेली आणि त्यांना सगळा उलगडा झाला. आज खंडेनवमी. दुपारी त्यांनी दरवर्षीसारखी थिएटरची पूजा केली होती. नव्या यंत्रांना हात लावायचा नाही, असं रोहिणीबाईंनी दहादा बजावलं होतं. पण घरातल्या सगळ्यांना ओवाळायचं आणि नव्या सुनेला तेवढं वगळायचं? मन होईना. चिमट्याच्या आत इवलासा लाल दिवा लुकलुकत होता. देव इथंच असणार, म्हणून तेलात कालवलेलं कुंकू त्यांनी नेमकं तिथंच लावलं होतं.

बोलावं तर नोकरी जाणार. गप्प बसावं तर या पोरीच्या घशात नळी. छे, विचार कसला करायचा!

"बाई, माझ्या हातून पाप झालंय," त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या. "चिमट्यातल्या दिव्याला कुंकू लावलंय मी. आधी पुसू द्या मला!"

स्पिरिटच्या बोळ्यानं त्यांनी चिमटा पुसला, हौसाचं बोट पुसलं. नव्वद. पंच्याण्णव. अठ्ठ्याण्णव. बेल थांबली, तसा निलेश मटकन स्टुलावर बसला.

दहा मिनिटांत मुलगी झाली आणि अशी केकाटली की व्हरांड्यातली माणसं उठून उभी राहिली.

"माझीच हाय ना गो?" हौसानं विचारलं.

"नायतर काय माझी?" इंदुबाई हसता हसता रडायलाच लागल्या. किती हलकं वाटत होतं!

मग बाहेर बोलणी खाल्ली, ती मात्र पोटभर. रोहिणीबाईंनी असं फैलावर घेतलं की निलेशनंच मान खाली घातली.

"काढून टाका मला," इंदुबाई म्हणाल्या.

रोहिणीबाईंनी केसची वही उघडली. "परवा सकाळी केस आहे. चिमटा आधी तुमच्या बोटाला लावायचा. आकडा बरोबर आला, की मगच पेशंट आत. यापुढं रोज."

ठरल्या दिवशी सकाळी इंदुबाईंनी दोनदा साबणानं हात धुतले, बोट चिमट्यात घातलं आणि ताठ उभ्या राहिल्या. भूल देणारे डॉक्टर, खुद्द रोहिणीबाई, सगळे त्यांच्याकडे बघत थांबले होते.

"सत्त्याण्णव हाय," इंदुबाई म्हणाल्या. "घ्या आत."