‘आपला नम्र’च्या खाली

आमच्या अंधेरीच्या ऑफिसात सोसायट्यांच्या तक्रारींचं ॲप चालतं. लोक तक्रार लिहितात की सरकारी अर्ज, देव जाणे. वर ‘माननीय महोदय, सविनय नमस्कार’, खाली ‘आपला नम्र’. हा साच्यातला मजकूर वाचून वाचून डोकं बधिर झालं, म्हणून तो आपोआप उडवणारा कोड मी लिहिला. ‘आपला नम्र’ दिसलं की तिथपासून शेवटपर्यंत सगळं साफ. माझा बॉस मुकुल तेव्हा म्हणाला, "झकास!"

आज तोच वैतागून आला. "गंधाली, मुलुंडचे एक काका सारखी कबुतरांची तक्रार टाकतायत. गॅलरीला जाळी बसवली, तरी चालूच. तुझ्या कोडने काही खाल्लंय का बघ ना, यार."

मी नाव बघितलं. काका म्हणजे माझे बाबा. आता या माणसाला काय म्हणायचं!

चरफडत मूळ पत्र उघडलं. कबुतरं, घाण, आपला नम्र, नाव. आणि त्याच्याही खाली, जुन्या माणसांच्या सवयीप्रमाणे, खरं म्हणणं ताज्या कलमात:

"ता.क. जाळी छान बसली. आमची गंधाली तुमच्याच ऑफिसात असते. फोन केला की ‘कामात आहे’ म्हणते. वेळेवर जेवते का, तेवढं कळवावे."

मागचं पत्र उघडलं. त्याच्या मागचंही. सगळ्यांत ता.क.मध्ये तोच प्रश्न होता, आणि सगळ्यांवर आमच्या ॲपचा शेरा: तक्रार निकाली.