दगडावर काढलेली म्हातारी

"त्या बायचा तोंड आधी भिंतीकडे कर. मना नमाज पडायची हाय."

हारूनने तसबीर उलटी केली. बहारीनच्या हिद्द भागातल्या त्याच्या फ्रेमच्या दुकानात त्याची आई अख्तरुन्निसा पहिल्यांदाच आली होती. रात्रीच्या विमानाने ती गावी परतणार होती आणि या वयात पुन्हा इकडे येणं व्हायचं नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. हारूनला तिचा एक फोटो हवा होता, बाकी काही नाही; पण ती काढू देत नव्हती. लोकांचे आजे-पणजे काचेत बसवण्यात याचा उभा जन्म गेला आणि स्वतःच्या आईचा म्हणाल तर व्हिसापुरता काढलेला तेवढा एक फोटो. त्यात ती चोरी करताना सापडल्यासारखी दिसते.

नमाज झाल्यावर मुसल्ल्याची घडी घालता घालता तिने विचारलं, "कोण रे ती?"

"कोणास ठाऊक. अमवाज बेटावरच्या शिरीषसाहेबांनी फ्रेम बदलायला दिलीय. दोनशे वर्षांपूर्वी कोणीतरी दगडावर तेलकट खडूनं काढली न मग कागदावर छापली."

"दगडावर?"

आणि आईने स्वतःच तसबीर सुलटी केली. टोपीचे बंद हनुवटीखाली बांधलेली म्हातारी. आत ओढलेले ओठ, डोळ्यांखाली सैल पिशव्या. काढणाऱ्याने काही म्हणजे काही लपवलं नव्हतं. तरी बाई अशी बसली होती की समोरच्याने आपोआप आवाज खाली आणावा. हारूनही पहिल्या दिवशी हातातला चहा विसरून उभा राहिला होता.

"एकेक सुरकुती..." आई कुजबुजली. "राणी होती?"

"नाय गं. राणीच्या अंगावर दागिने नसते काय?"

"मग हिला कोण इतका वेळ बगत बसला?"

हारूनने हळूच मोबाईल काढला. "आई, एकच. कोणाला दाखवणार नाय."

"फोटो नको म्हटला ना!"

मग काय वाटलं कोण जाणे, ती स्टुलावर बसली. पदर कपाळावरून मागे सारला, हात मांडीवर ठेवले. "तू बग. किती बगायचा तो बग."

हारून समोर बसला. आईच्या डाव्या भुवईत एक बारीक खूण होती. ती कसली, हे पन्नाशी आली तरी त्याने कधी विचारलं नव्हतं. हा चेहरा आपण कधी नीट पाहिलाच नव्हता.

"झाला?" बऱ्याच वेळाने आईने विचारलं.

"नाय अजून."

ती हलली नाही.