गरे हाती आले की

अण्णांनी कोयत्याने फणसाचे दोन उभे भाग केले आणि चीक भळाभळा वाहू लागला. हाताला खोबरेल चोपडलेलं असूनही तो कोपरापर्यंत चिकटला. नेमका तेव्हाच ओटीवरच्या पाटावर ठेवलेला फोन वाजला. हात लावायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी नुसती मान वाकवली. पडद्यावर नाव होतं, वरदच्या आई, चिपळूण.

गेल्या रविवारी ही मंडळी खेडशीला येऊन अण्णांच्या मुलीला, निशिगंधाला, वरदसाठी बघून गेली होती. वरदच्या आईंनी तळलेल्या गऱ्यांची दुसरी बशी मागून घेतली होती आणि निघताना उंबऱ्यात थांबून म्हणाल्या होत्या, "पुढच्या वेळी घरी न्यायला द्या हो थोडे." पुढची वेळ म्हणाल्या, म्हणजे होकारच, असं अण्णांच्या बायकोने, कुसुमने, धरून टाकलं. निशिगंधानेही बहुधा तेच धरलं होतं. चार दिवस तिचं हसू अंगणापर्यंत ऐकू येत होतं. शनिवारी वरदचे वडील कामाला रत्नागिरीत येणार होते, ते गरे नेणार होते. आजचा फणस त्यांच्यासाठीच.

अण्णा वाकून वाचू लागले.

"बघितली एकदाची. हसली की दातच दात."

"रंग फोटोत होता तो फोटोतच राहिला."

त्यापाठोपाठ डोळ्यांत पाणी येईतो हसणारी चार पिवळी तोंडं. मग शेवटचा मेसेज.

"गरे मात्र झकास करतात. शनिवारी मिळतील. गरे हाती आले की नकार कळवू, घाई काय."

बाईंना हे कुणा बहिणीला नाहीतर जावेला पाठवायचं असणार. अण्णा तसेच वाकून राहिले. त्यांना राग यायला हवा होता, पण आली ती किळस. दारी पाहुणी म्हणून बसलेली बाई पोरीचे दात मोजत होती आणि बशी पुढे करत होती, हे डोळ्यांसमोर आलं. नकाराचं त्यांना काही वाटलं नसतं. मुलगी बघितली की नकारही यायचाच. त्यांच्या बहिणीला तीन ठिकाणांहून नकार आला, तिन्ही वेळा पत्रिका जुळत नाही म्हणून. वडील पोस्टकार्ड वाचून म्हणत, माणसं चांगली आहेत. खरं काय ते सगळ्यांना कळत असे, पण बहिणीला घरात मान वर करून वावरता येत असे.

त्यांच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचे मेसेज एकेक करून नाहीसे झाले. चारही जागी हा मेसेज डिलीट केला, एवढंच उरलं. अण्णांनी फोन उघडलाच नव्हता, तेव्हा तिकडे निळ्या खुणा गेल्या नव्हत्या. बाईंना वाटलं असणार, कुणी बघितलं नाही, सुटलो.

दहा मिनिटांनी नवा मेसेज आला. आधी जोडलेले हात, मग मजकूर. "नमस्कार अण्णा. आमच्याकडे अजून विचार चालू आहे. निशिगंधा सगळ्यांना फार गोड वाटली. शनिवारचं लक्षात आहे ना?"

हा त्यांना आधीच्या चारांपेक्षाही घाण वाटला.

"अहो, तेल तापलंय," कुसुम आतून म्हणाली. "गरे कधी देताय?"

"गॅस बंद कर. वेळ आहे."

"आता आणि कसला वेळ?"

अण्णा नुसते गरे सोलत राहिले, आठळ्या एकीकडे, गरे एकीकडे.

साडेपाचला निशिगंधा कॉलेजच्या लायब्ररीतून आली. स्कूटी लावून, चप्पल काढता काढता, जणू सहज आठवलं अशा आवाजात तिने विचारलं, "चिपळूणहून काही आलं का, अण्णा?"

"आलं." त्यांनी हातातला गरा नीट ठेवला. "पत्रिका जुळत नाही म्हणतात. माणसं चांगली आहेत, पण तिथे इलाज नाही."

"पत्रिका त्यांनी मागितलीच नव्हती," निशिगंधा म्हणाली. "पोहे खाताना काकूच म्हणाल्या, आम्ही असलं काही बघत नाही."

अण्णांना ते आठवलं. आपण मान डोलावली होती, तेही आठवलं.

तिने पाटावरचा फोन उचलून उघडला. चार पुसलेल्या ओळी बघितल्या, खालचा गोड मेसेज बघितला.

"हे पुसायच्या आधी वाचलंत तुम्ही?"

अण्णांनी होकाराची मान हलवली. पायरीवर बसून ती टाइप करू लागली. एरवी ती त्यांना चिडवायची, की अण्णा, नुसतं हो कळवायचं तरी तुम्ही मायना लिहिता. आज तिने स्वतःच मायना लिहिला.

"वाचते हं. स. न. वि. वि. पत्रिका जुळत नसल्याने आम्हांला पुढे जाता येणार नाही. गरे यंदा घरापुरतेच आहेत. राग नसावा. आपला, अण्णा."

"अगं, पण पत्रिका तर..."

"त्यांना कळेल बरोबर."

तिने अंगठा टेकवला. खुणा लगेच निळ्या झाल्या. पलीकडून काहीतरी लिहिणं सुरू झालं, थांबलं, पुन्हा सुरू झालं, पुन्हा थांबलं. शेवटी काहीच आलं नाही. अण्णांना बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की त्याचीच थोडी लाज वाटली.

निशिगंधाने हाताला तेल लावलं आणि त्यांच्यासमोर बसून फणसाचा दुसरा भाग पुढ्यात ओढला.

"रंगाचं होतं की दातांचं?" तिने मान वर न करता विचारलं.

"गऱ्यांचं होतं," अण्णा म्हणाले. "गरे मिळेपर्यंत नकार कळवायचा नव्हता त्यांना."

हे खोटं नव्हतं, त्यामुळे तिच्याकडे बघून सांगता आलं.

"काय माणसं," निशिगंधा म्हणाली आणि हसली. ओठ मिटून हसली.