केलसोमचं पथ्य

दवाखान्यातून आलेल्या हायातीने केलसोमच्या डाव्या दंडाभोवती टेप गुंडाळली, आकडा पाहिला, सोडून पुन्हा गुंडाळली.

"डावा हात तर धड आहे ना, काका? मग हा का वाळला?"

केलसोमचा नवरा जुसोह तिचं पांघरूण सारखं करू लागला.

"यांना जेवायला काय देता?"

"पेज. मिरपूड घालून. पातळच करतो, घशात अडकायला नको."

"आणि?"

जुसोहने दाराकडे पाहिलं. तिथे केलसोमची थोरली बहीण बिदाह उकिडवी बसून सुपारी कातरत होती.

"आणि काय?" बिदाह म्हणाली. "अंगावरून वारं गेलेल्या माणसाला अंडं नाही, कोंबडी नाही, मासळी नाही. अंगातला वारा पुन्हा उठतो. तुझ्या आईने शिकवलं नाही का गं, पोरी?"

"माझी आईही हेच म्हणते, मावशी. म्हणून तिला मी विचारत नाही."

बिदाहला हसू आलं, ते तिने सुपारीबरोबर तोंडात टाकलं.

हायातीने केलसोमची टाच उचलून दाखवली. जखम गेल्या महिन्यात होती तशीच होती. "मी येते, पाय हलवून घेते, उभं करते. ही अंगमेहनत आहे. पोटात काही नसलं की अंग स्वतःचंच मांस खातं. असं चाललं तर या उभ्या राहणार नाहीत, काका. आणि ठसका लागतो तो पातळ पेजेनेच. दाटसर, मऊ द्या. अंडं वाफवून, कुस्करून. नीट बसवून भरवा."

"आणि पुन्हा वारं गेलं तर?"

"गोळ्या चुकवू नका. अंड्याने काही होत नाही. पण तुमचं ते खारवलेलं नको हं. ताजं."

अंगणात विकायच्या खाऱ्या अंड्यांचे माठ ओळीने मांडलेले होते. तिथून वाट काढत हायाती मोटारसायकलपाशी गेली.

जुसोहने बदकांच्या खुराड्यातून एक अंडं आणलं आणि चुलीवर पाणी ठेवलं.

"तुझी बायको आहे, कर हवं ते," बिदाह म्हणाली. "पुरायला मात्र मला बोलावू नकोस."

तो वाटी घेऊन आला. केलसोमला उशीला टेकवून बसवलं, चमचा तिच्या ओठांशी नेला. तिने तोंड मिटून घेतलं.

"मीठ नाही त्यात. चव नाही लागली तर शिव्या घाल मला. तेवढं तर बोलता येतं तुला."

तिने डाव्या हाताने वाटी दूर सारली. जीभ जड होती, शब्द सुटे सुटे आले.

"आईने... मागितलं होतं."

जुसोहचा चमचा हवेतच राहिला. सासूही वारं जाऊन याच खोलीत पडून होती. केलसोमने तिला शेवटपर्यंत स्वतःच्या हाताने मिरपुडीची पेज भरवली. म्हातारी अंडं मागायची, तेव्हा केलसोम तिचे केस सारखे करत म्हणायची, आधी बरी हो. वाससुद्धा आत यायला नको म्हणून बिदाहने त्याला अंडी उकडायचं पातेलं घरामागे न्यायला लावलं होतं.

"ते वेगळं होतं," तो म्हणाला.

दारातला अडकित्त्याचा आवाज थांबला. बिदाह उठून आली, खाली बसली आणि तिने त्याच्या हातातून चमचा घेतला.

"मिळालं होतं तिला," ती म्हणाली. "तू बाजाराला गेलीस की मी भरवायचे. तुला सांगितलं असतं तर रडून घर डोक्यावर घेतलं असतंस, पथ्य मोडलं म्हणून. चांगली खायची. शेवटी शेवटी तिलाच गिळेना, त्याला आपण काय करणार?"

केलसोम बघत राहिली.

"विचार याला. हाच आणून द्यायचा."

जुसोहला असं काही आठवत नव्हतं. बिदाह त्याच्याकडे बघत नव्हती. अंडं केव्हाच निवलं होतं, तरी ती चमच्यावर फुंकर घालत होती.

"हो," तो म्हणाला. "ताजी बघून बाजूला ठेवायचो."

केलसोमने बहिणीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. बराच वेळ पाहिलं. मग तिने तोंड उघडलं.

"सावकाश," बिदाह म्हणाली. "घाई नाही कुणाला."