दोन बोटं मागं घे

मी टॉपलिंक. नाव ऐकून गोंधळू नका. छोट्या ट्रॅक्टरच्या सीटमागे, बरोबर मधोमध, हातभर लांबीचा एक लोखंडी दांडा असतो, तीच मी. माझ्या खाली डावीउजवीकडे आणखी दोन जाड दांडे असतात, त्यांना सगळे हात म्हणतात. ते दोन हात खालून आणि मी वरून, असे आम्ही तिघं मिळून मागचं अवजार धरतो. रोटावेटर असो, पेरणीयंत्र असो की मोगडा, तीन जागी पक्कं धरल्याशिवाय ते नीट चालत नाही. इतकं साधं आहे हे. पण माणसांच्या डोक्यात ते शिरावं म्हणून पाच वर्षं वाट बघतेय, आणि आता मला खरोखर वैताग आलाय.

माझा जन्म कारखान्यातला. मधे एक नळी आणि तिच्या दोन्ही टोकांत आटे पाडलेले दांडे. एकाला उजवे आटे, दुसऱ्याला डावे. नळी फिरवली की मी लांब होते, उलटी फिरवली की आखूड. मी आखूड झाले की अवजार पुढं झुकतं, लांब झाले की मागं. देवानं कुणाला लांब-आखूड होता येईल असं घडवलं असेल तर मला. त्याचा उपयोग मात्र आमच्या घरात तीन वर्षं कुणी केला नाही.

आमचं घर म्हणजे आप्पासाहेबांचं. शिरूर अनंतपाळ तालुक्यातलं गाव, नऊ एकर रान, त्यात थोडी आंब्याची बाग. बागेत मोठा ट्रॅक्टर वळत नाही म्हणून हा छोटा घेतला. तो दारात आला त्या दिवशी हार, नारळ, पेढे, फोटो, सगळं झालं. दुकानातून पंचाक्षरी नावाचा मेकॅनिक सोबत आला होता. बिचारा अर्धा तास सांगत होता. अवजार सपाट जागी ठेवायचं. ट्रॅक्टर सरळ मागं घ्यायचा. इंजिन बंद करून मगच खाली उतरायचं. आधी डावा हात जोडायचा, मग उजवा, मग टॉपलिंक, आणि इंजिनाचा जोर अवजाराला देणारा शाफ्ट सगळ्यात शेवटी. ट्रॅक्टर मागं येत असताना मधे कुणी उभं राहायचं नाही, हे तर त्यानं तीनदा सांगितलं.

ऐकलं कुणी? आप्पासाहेब पेढे वाटत होते. त्यांचा मुलगा शिवप्रसाद ट्रॅक्टरवर बसून फोटो काढून घेत होता. दारात कुंकवाचं ताट घेऊन उभी असलेली सून दीपमाला तेवढी ऐकत होती. पण सुनेला कोण विचारतं?

पंचाक्षरीनं जाताना लॉकपिनांची पुडी दिली. अवजार जोडताना भोकांतून जाड खीळ घालतात, ती निसटू नये म्हणून तिच्या टोकाला ही करंगळीएवढी लॉकपिन. महिन्याभरात एक पिन गोठ्याच्या कडीत गेली, एक कडबा कापायच्या मशीनला लागली, बाकीच्या कुठं गेल्या ते त्यांनाच ठाऊक. मग माझ्या खिळीला काय? वाकवलेला खिळा. तो तुटला की बांधायची तार. एकदा तर चक्क स्क्रूड्रायव्हर अडकवला होता. दर वळणावर तो खुळखुळायचा आणि माझा जीव टांगणीला लागायचा.

आणखी सांगते. बागेच्या बांधावर बाभळीचं एक खोड होतं. ते उपटायला आप्पासाहेबांनी साखळी आणली आणि बांधली कुठं, तर मी जिथं अडकते त्या कड्यालाच. इतक्या उंचावरून ओढलं की ट्रॅक्टरचं तोंड वर उचलतं. खोड हललं नाही, पुढची चाकं मात्र कमरेएवढी उठली. शिवप्रसादनं वेळेवर क्लच दाबला म्हणून निभावलं, नाहीतर ट्रॅक्टर त्याच्या अंगावर उलटला असता. आप्पासाहेब चार दिवस हसत सांगत होते, आपला घोडा कसा दोन पायांवर उभा राहिला ते. मला तोंड असतं तर तेव्हाच बोलले असते.

तुम्हाला वाटेल आप्पासाहेब आडमुठे. तसं नाही. जनावराच्या खुरात काटा मोडला तर ते रात्रभर झोपायचे नाहीत. फक्त त्यांच्या हातांवर त्यांचा फार विश्वास होता. धान्यातली ओल असो की मातीतला वाफसा, सगळं ते बोटांनी बघायचे. लोखंडही बोटांनी बघायचं असतं, अशी त्यांची समजूत होती.

तिसऱ्या वर्षीच्या ऑक्टोबरातली गोष्ट. सोयाबीन निघालं होतं, हरभऱ्यासाठी रान तयार करायचं होतं. ढेकळं फोडणारा रोटावेटर उकिरड्याच्या कडेला उतारावर पडलेला, कारण मागच्या वेळी तिथंच टाकून सगळे जेवायला गेले होते. सकाळी शिवप्रसाद ट्रॅक्टर मागं घेऊ लागला. आणि आप्पासाहेब ट्रॅक्टर आणि रोटावेटरच्या मधे जाऊन उभे राहिले.

डावा हात कसाबसा जोडला गेला. उजवा जुळेना. रोटावेटरच्या दोन पट्ट्यांच्या मधे ट्रॅक्टरच्या हाताचं टोक बसतं, आणि तिन्ही भोकं एका रेषेत आली की खीळ जाते. आप्पासाहेबांनी इंजिन चालू असतानाच भोक जुळलं का ते बघायला उजव्या हाताची बोटं तिथं घातली आणि वर न बघता म्हणाले, "आजून दोन बोटं मागं घे."

शिवप्रसादनं घेतला. दोनच बोटं. त्याचा पाय क्लचवर नीट होता, गाडी त्यानं जपून सोडली होती. हे मी छातीवर हात ठेवून सांगते. पण उतारावरचा रोटावेटर धक्क्यासरशी सरकला आणि भोकं जुळायच्या ऐवजी कात्रीसारखी एकमेकांवरून गेली.

आप्पासाहेबांची तर्जनी तिथंच गेली. त्यांची बायको सिंधुबाई धावत आल्या, त्यांनी पदरात हात गुंडाळला. शेजारच्या किशनरावांच्या जीपमधून आधी शिरूरला, तिथून लातूरला नेलं. मधलं बोट डॉक्टरांना वाचवता आलं नाही. शिवप्रसाद ट्रॅक्टर बंद करायचं विसरला होता. तो दीपमालानं बंद केला.

आप्पासाहेब पाचव्या दिवशी घरी आले. भेटायला माणसं येऊ लागली. प्रत्येक जण विचारायचा, कसं झालं? आप्पासाहेब म्हणायचे, "काय सांगावं, घडायचं व्हतं." एवढंच. मग ऐकणारा आपल्या मनानं पुढचं जुळवायचा. पोराचा पाय निसटला असेल. पोराचं ध्यान मोबाईलमधे असेल. दोन दिवसांत गावभर झालं की शिवप्रसादनं बापाची बोटं तोडली. आप्पासाहेबांच्या कानावर ते येत होतं. ते गप्प होते.

माझा सगळ्यात मोठा वैताग हाच. बोटं तिथं कशी गेली, हे खरं त्या मधल्या जागेत असलेल्या आम्हा लोखंडांना ठाऊक होतं, आणि आप्पासाहेबांना. आम्हाला बोलता येत नव्हतं. त्यांना येत होतं.

शिवप्रसाद ट्रॅक्टरच्या जवळ फिरकेना. अंगणातून जायचं तर लांबून वळसा घ्यायचा. रानातली ओल उडत चालली होती. भाड्याचा ट्रॅक्टर मिळेना, सगळ्यांची घाई एकाच वेळी. नवव्या दिवशी दीपमालानं पदर खोचला आणि पंचाक्षरीला फोन लावला. गाडी चालवायला शिवप्रसादनं तिला बागेत शिकवलं होतं. जोडणीचंही तिला बरंच आठवत होतं, तरी तिनं सगळं परत एकदा विचारून घेतलं. मग शिरूरला जाऊन नव्या लॉकपिना आणल्या. चार माणसं बोलावून रोटावेटर उकिरड्यावरून उचलून अंगणातल्या सपाट मुरुमावर ठेवला.

बाजेवर हात गळ्यात अडकवून बसलेले आप्पासाहेब हे बघत होते. ती सीटवर चढली तसे ते उठू लागले. बाईच्या एकटीचं काम न्हाई, मागं कुणीतरी बघायला पायजे, असं काहीतरी म्हणाले. दीपमालानं इंजिन बंद केलं, चावी काढून मुठीत धरली आणि तिथूनच सांगितलं, "मामा, तुम्ही मधी आलाव तर मी गाडी चालूच करत न्हाई."

सासऱ्याशी ती इतकं सरळ पहिल्यांदाच बोलली असेल. आप्पासाहेब खाली बसले.

मग तिनं ट्रॅक्टर मागं घेतला. थांबली, बंद केला, उतरली, डोळ्यांनी बघितलं. अजून चार बोटं अंतर होतं. परत चढली. असं ती अकरा वेळा चढली-उतरली. रस्त्यावरून जाणारे थांबून हसत होते. डावा हात जोडला. उजवा थोडा वर होता. उजव्या हाताला वर-खाली करायचा फिरता दांडा असतो, तो तिनं फिरवला. उरलेलं इंचभर अंतर इंजिन बंद ठेवून पहारीनं रोटावेटर सरकवून काढलं. खीळ कसलाही आवाज न करता आत गेली.

आता माझी पाळी. माझे आटे तीन वर्षांत कुणी फिरवलेच नव्हते, ते गंजून बसलेले. तिच्यानं नळी हलेना. तिनं घराकडं बघून हाक मारली. शिवप्रसाद दारात आला, पायरीवर थांबला. तिनं मूठ उघडून चावी दाखवली. मग तो आला.

त्यानं माझ्या नळीत टॉमी, म्हणजे लोखंडी गज, घालून जोर लावला. मी करकरले, मग फिरले. तो खाली मान घालून हळूच म्हणाला, "मी त्या दिशी क्लच येकदम सोडला न्हाई."

"मला ठाव हाय," दीपमाला म्हणाली. एवढंच बोलणं झालं. मग तिनं मला लॉकपिन घातली, शेवटी शाफ्ट जोडला, आणि दुपारपर्यंत दोन एकर रान झालं. माती अशी भुसभुशीत पडली की मलाच नवल वाटलं. मी योग्य लांबीची असले की काय होतं, ते त्या दिवशी या घराला पहिल्यांदा समजलं.

हिवाळ्यात शिवप्रसाद पुन्हा ट्रॅक्टरवर बसू लागला. पण मागं अवजार जोडायचं असलं की आसपास कुणी दिसलं तरी तो इंजिन बंद करायचा. गावात त्यालाही हसायचे.

मग जून आला. पेरणीच्या तोंडावर किशनराव त्यांचं पेरणीयंत्र घेऊन आमच्या अंगणात आले. त्यांचा ट्रॅक्टर बिघडला होता. अडचणीला जीप दिलेला माणूस, नाही कसं म्हणायचं? शिवप्रसादनं ट्रॅक्टर वळवला. किशनराव सवयीनं मधे येऊन उभे राहिले आणि हातानं ये ये करू लागले. शिवप्रसादनं इंजिन बंद केलं. काका, बाजूला व्हा, म्हणाला. दोनदा म्हणाला.

किशनराव वाईट माणूस नाहीत. पण चार लोक होते, थट्टा सुचली. "का रं," ते म्हणाले, "बापाची बोटं खाल्लीस, आता माझी खातूस का?"

लोक हसले. शिवप्रसाद समोर स्टिअरिंगकडं बघत राहिला. मी त्याच्या पाठीशीच होते. त्याची मान लाल झालेली मी बघितली.

आप्पासाहेब लिंबाखाली बसले होते. ते उठले आणि ट्रॅक्टरपाशी आले. मला वाटलं, आता हेही हसतील. त्यांनी तीन बोटांच्या हातानं किशनरावांचं मनगट धरलं आणि त्यांना बाहेर काढलं.

"पोरानं न्हाई खाल्ली," ते म्हणाले. "मीच म्हनलो दोन बोटं मागं घे. त्यानं दोनच घेतली. माझीच बोटं भोकात व्हती."

किशनरावांनी चप्पल सारखी केली आणि लिंबाकडं जाऊन उभे राहिले. आप्पासाहेबही बाजूला झाले. आठ महिने जे तोंडातून निघत नव्हतं ते निघाल्यावर त्यांना दम लागल्यासारखं झालं होतं. थोड्या वेळानं ते लेकाला म्हणाले, "घे आता मागं. मधी कुणी न्हाई."

शिवप्रसादनं चावी फिरवली. पहिल्या खेपेला पेरणीयंत्राची भोकं जुळली नाहीत, दुसऱ्या खेपेलाही नाहीत. उतरून, बघून, परत चढून त्याला सहा खेपा लागल्या. कुणीही हसलं नाही.

त्यालाही आता दीड वर्ष होत आलं. माझे आटे मधे झिजलेत, एका टोकात फिरणारी लोखंडी गोळी ढिली झालीय. पुढच्या हंगामाला नवी टॉपलिंक आणायची असं दीपमाला म्हणत होती. आणू दे. मला त्याचं वाईट वाटत नाही. पण आमच्या घरात जे बदललं ते अजून चार घरांत बदललेलं नाही. परवाच शिवप्रसादसोबत किल्लारीला गेले होते. रस्त्याकडेच्या एका रानात ट्रॅक्टर मागं येत होता, मधे एक म्हातारा वाकून उभा होता, आणि माझ्यासारख्याच एका टॉपलिंकला तारेनं बांधलेलं होतं. ती माझ्याकडं बघत होती. मी काय करणार होते?

म्हणून तुम्हाला सांगते. अवजार सपाट जागी ठेवा. मागं येणाऱ्या गाडीच्या मधे जाऊ नका, गाडी घरच्या पोराच्या हातात असली तरी. इंजिन बंद करा, चावी खिशात घाला, मग खाली वाका. भोक जुळलं का ते डोळ्यांनी बघा. लॉकपिन पाच-दहा रुपयांना मिळते, ती गोठ्याच्या कडीत घालू नका. आणि इतकं करूनही कधी काही घडलंच, तर खरं काय झालं ते त्याच दिवशी बोला. आम्ही लोखंडं सगळं बघतो, पण साक्ष द्यायला येऊ शकत नाही.